मनगट शिकवायचं राहिलं

मी एक जुना, प्लास्टिकचा सांगाडा आहे. मित्रांनो, घाबरू नका. मी कधीच कुणी माणूस नव्हतो. कारखान्यातल्या साच्यात माझा जन्म झाला आणि खोक्यात बसून मी सांगलीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आलो. काही वर्षं शरीररचनेच्या वर्गात मानाने उभा राहिलो. मग माझ्या बरगड्या निखळू लागल्या. नवा सांगाडा आला आणि मला अभ्यासिकेच्या कोपऱ्यात टांगण्यात आलं.

तिथे मला अल्फिया भेटली. ती तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याची मुलगी, तिसऱ्या वर्षाला होती. तास सुटले की ती पहिल्या वर्षाच्या मुलांना माझ्याभोवती बसवून शिकवायची. म्हसवडचा जयराज त्यातलाच. वडील फौजेत, शाळा गावातली. सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की त्याला घाम फुटायचा.

"ताई, समदं कळतंय, पण तोंडातनं शब्दच निघत न्हाई," तो म्हणाला.

"मग आधी मराठीत सांग. लाजतोस कशाला? इथं कोण परकं हाय?"

तिने त्याचं बोट माझ्या मनगटावर ठेवलं. मनगटात लहान लहान हाडं असतात. त्यातलं सगळ्यांत बारकं हाड केवढं, हे सांगताना ती पिशवीतून बेदाणा काढायची, सगळ्यांना दाखवायची आणि खाऊन टाकायची. मुलं हसायची. हसता हसता जयराज बोलायला लागला. आधी मराठीत, मग अडखळत इंग्रजीत. त्या वर्षी तो पास झाला.

पुढे अल्फिया डॉक्टर होऊन साताऱ्याच्या दवाखान्यात गेली. निघताना ती जयराजला म्हणाली, "आभार नको मानूस. आता पुढच्यांना तू शिकव."

"शिकवीन की, ताई."

एक वर्ष त्याने मनापासून शिकवलं. माझ्या निखळलेल्या बरगड्याही त्याने तारेने बांधल्या. नंतर मात्र तो डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या मोठ्या प्रवेश परीक्षेच्या मागे लागला. कानात इअरफोन घालून मोबाइलवरची व्याख्यानं ऐकत बसायचा. माझ्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

मग कडेगावची रेश्मा आली. तिच्या घरी याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. ती दबकत जयराजजवळ गेली.

"दादा, मनगट तेवढं समजावता का? मला काय बी कळंना झालंय."

"उद्या बसू या," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. नंतर रेश्माने विचारणं सोडलं. ती एकटीच माझ्यासमोर बसायची, हाडांना बोट लावायची, एखाददुसरं नाव पुटपुटायची आणि अडायची. मला सगळं दिसत होतं. करता मात्र काहीच येत नव्हतं.

तोंडी परीक्षेत तिला मनगटातल्या हाडांची नावं सांगता आली नाहीत आणि ती नापास झाली. पुरवणी परीक्षेतही तेच झालं. तिचे वडील दादासो तिला घरी न्यायला अभ्यासिकेच्या दारात आले.

"शाळेत लय हुशार हुती हो ही," ते कोणाला तरी सांगत होते. रेश्मा खाली बघत होती. त्यांची एसटी गेल्यावर जयराजला हे कळलं आणि तो धावत अभ्यासिकेत आला.

त्याने तिला फोन लावला. "रेश्मा, परत ये. मी रोज शिकवतो. खरंच सांगतो."

"ऱ्हाऊ द्या, दादा," पलीकडून आवाज आला. "माझी हिंमतच गेली आता."

रेश्मा परत आली नाही. पुढच्या वर्षी जयराजही निघून गेला. आता माझ्या खांद्यांवर मुलं पांढरे कोट अडकवतात.

मित्रांनो, शेजारच्या मुलाला काही कळत नसेल, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा. माझ्या अंगात सगळी हाडं आहेत, पण एकाचंही नाव मला कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.