बाबांच्या अक्षरातली बाटली

मी पाण्याची बाटली बोलतेय. प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या डोक्यावर माझी जागा. माझं पाणी नळीतून खाली जातं, औषधाचा नमुना सोबत नेतं आणि पडद्यावर रेषा उमटते. औषधात विष असलं तर रेषेला इवलासा उंचवटा येतो.

पूर्वी एक म्हातारे केमिस्ट मला सांभाळायचे. रोज संध्याकाळी मला ओतायचे, धुवायचे, पालथी घालायचे. माणूस खाष्ट, पण माझ्यावर भारी जीव. ते वारले. पुढे त्यांचीच मुलगी त्या जागी आली. माझ्या अंगावर चिकटवलेली बाबांच्या हातची चिठ्ठी बघून तिला रडूच फुटलं. "हिला कुणी धुवायचं नाही हं, शाई जाईल," म्हणाली. तेव्हापासून पाणी कमी झालं की नुसती वरून भर.

मग माझ्यात कुणीतरी राहायला आलं. आधी तळाशी बुळबुळीत काहीसं, मग धागे. पाणी स्थिर असतानाही ते हलायचे. मला फार भीती वाटायची. तिकडे पडद्यावरची रेषा थरथरायला लागली, ती दिवसेंदिवस जास्तच.

"यंत्रातला दिवा बदलला, गाळणी बदलली, नळी नवी घातली," ती शेजारच्या टेबलाशी काम करणाऱ्या ताईंना म्हणाली. "आता काय, नशीब बदलू?"

"बाटली बघितलीस?"

"त्यात नुसतं पाणी आहे, ताई."

त्या थरथरीत इवलासा उंचवटा दिसणं कठीणच; तरी त्याच रेषेवरून तिने लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या अहवालावर सही केली. 'विष आढळले नाही.'

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ताईंनी मला खिडकीपाशी धरलं. धागे सगळेच्या सगळे उजेडाकडे वळले.

"अगं, बाबांनी काय लिहिलंय, वाचलंस का कधी?"

रोज डोळे भरून बघितलेलं ते अक्षर तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. 'रोज रिकामी करून धुणे. वरून भर घालू नये.'

तिने मला नळाखाली धरलं. शाई ओघळून गेली. यंत्र धुऊन, ताजं पाणी भरून तिने कपाटात राखलेला खोकल्याच्या औषधाचा नमुना पुन्हा लावला. रेषा सरळ चालली, बराच वेळ चालली, आणि एका जागी उंचवटा होऊन उभी राहिली.

तिने कारखान्याला फोन लावला. "ते औषध थांबवा. बाजारात किती गेलंय?"

आता मी स्वच्छ आहे. अंगावर चिठ्ठी नाही. ती रोज मला धुते आणि धुतल्यावर उजेडात फार वेळ बघत राहते. बाई गं, मला जपू नकोस. मला ओतून टाकत जा.