खुशालभाऊची काळी मेंदी

पोळ्याच्या तोंडावर भागाबाईचा हिरो गोठ्यातून गायब झाला. हिरो म्हणजे तिचा पांढराशुभ्र बैल. त्याचा तसाच पांढरा जोडीदार शंभू खुंट्याला हिसके देत हंबरत होता आणि बाजूच्या खुंट्याला नुसतं दावं लोंबत होतं.

भागाबाईची लेक सुनयना तोंडात ब्रश तसाच धरून गोठ्यात आली. तिनं दाव्याचं टोक उचलून पाहिलं आणि पचकन थुंकून म्हणाली, "सुटला नाई माय. कापलं हाय हे. विळ्यानं."

गावाला मात्र विळ्याबिळ्याची गरज नव्हती. गावाकडं कारण तयार होतं. भागाबाईचा नवरा गेल्यापासून कापसाचं सगळं शेत ती स्वतः करायची. फक्त पोळ्याच्या दिवशी तिची जोडी तोरणाखालून न्यायला पुतण्या भारत लागायचा, कारण ते बाप्यांचं काम. यंदा भारत मंचेरियलला कोळसा खाणीत कामाला लागला. तेव्हा भागाबाईनं चारचौघांत विचारलं होतं, "वर्सभर वखर माह्या हाती, तं तोरनाखाली दोर दुसऱ्याच्या हाती काऊन?"

तोरणाखालून सगळ्यांत आधी जाणारी मानाची जोडी वामनरावांची. ते माजी सरपंच, आणि 'माजी' हा शब्द त्यांनी कधी मनावर घेतला नव्हता. "बाईनं तोरनाखाली जोडी नेली तं गावावर अरिष्ट येते," असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. आता ते समाचाराला आले, बाजेवर बसले, चहा प्याले आणि मान हलवत म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं, भागाबाई? आलं ना अरिष्ट?"

"अरिष्टाले विळा कोनं देल्ला, काका?" सुनयनानं विचारलं.

वामनराव कप खाली ठेवून उठले. सुनयनाशी बोलणं त्यांना नेहमीच जड जायचं. तिनं केस पोरासारखे कापले होते, ती गॉगल लावून स्कूटी पळवायची, आणि "पार्लर ठेव नाहीतर मला ठेव" असं म्हणणाऱ्या नवऱ्याला सोडून ती दोरा-कात्री घेऊन माहेरी आली होती. पुढच्या खोलीत तिनं पार्लर थाटलं. मागच्या वर्षी देवळातला भोंगा कोणी पळवला हेही तिनंच शोधून काढलं, तेव्हापासून पारावरची माणसं तिला 'सीआयडीन' म्हणत. टोमणा म्हणून म्हणत. तिला ते नाव आवडायचं.

ती ठाण्यात जाऊन आली. गाव तेलंगणाच्या हद्दीतलं, तिथला जमादार तेलुगूत म्हणाला, "पंडुग अयिनाक रा, अम्मा." सण झाल्यावर ये. सण झाल्यावर बैल सापडून तिला काय कामाचा होता?

मग तिनं आपल्या पद्धतीनं तपास सुरू केला. तिची पद्धत सोपी होती. भुवईवर दोरा चालू असला की बाईला हलता येत नाही, उठता येत नाही आणि दुखण्यावरून मन काढायला ती बोलत सुटते. सणामुळं गिऱ्हाईक भरपूर होतं. एका भुवईला हिरोबद्दल, दुसऱ्या भुवईला वामनरावांबद्दल, असं तिनं विचारत नेलं. हाती काही लागलं नाही. एवढंच कळलं की त्या रात्री वामनरावांना भजनात गाताना तीन साक्षीदारांनी पाहिलं होतं, आणि ते गाणं तिघांनाही ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मथुरावैनी आली. वामनरावांचा उजवा हात खुशाल, त्याची ही बायको.

"आमच्या यायचे हात पाहा ना, सुनयना," ती डोळे मिटून म्हणाली. "कोपरापर्यंत काळेकुट्ट. इचारलं तं म्हनते, इंजनाचं ऑइल हाय. घासनीनं घासले, तरी निंगून नाई राह्यले."

"ऑइल निंगते की, वैनी."

"तेच तं! आन तुले सांगते, घरात नवा बैल आनला. काळा. नदीपल्याडच्या पाव्हन्यानं देल्ला म्हनते. खाते लय. माह्या म्हशीची सरकीची ढेप खाऊन टाकली मेल्यानं."

सुनयनाचा दोरा थांबला. मथुरावैनी एका भुवईवर तशीच बसून राहिली.

सुनयना चपला न घालताच भूषणच्या किराणा दुकानात गेली. "काळी मेंदी दे रे."

"खतम झाली, ताई. सारी पाकिटं खुशालभाऊ घेऊन गेले."

"कोनासाठी?"

"इचारलं नाई मी." भूषण बरणीचं झाकण लावू लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "ताई, त्यायच्या डोक्यावर तं..."

"एक केस नाई," सुनयना म्हणाली.

पोळ्याच्या दुपारी सगळे बाप्ये आपापल्या जोड्या सजवून वेशीवरच्या तोरणाकडं गेले. तेव्हा मायलेकी खुशालच्या वाड्यात शिरल्या. गोठ्यात काळा बैल ढेप खात उभा होता. सुनयनानं त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. अंग काळं, कान काळे, शेपटीचा गोंडासुद्धा काळा. पण पापण्या पांढऱ्या. असल्या कामाची सवय नसलेला माणूस पापण्या हमखास विसरतो.

"हिरो," भागाबाईनं हळूच हाक मारली. बैलानं ढेप सोडली आणि तिच्या पदरात नाक खुपसलं. भागाबाईचे डोळे भरून आले, आणि पुढच्याच क्षणाला तिनं अशी शिवी हासडली की सुनयनाही दचकली.

मथुरावैनी दारात उभी होती. एक भुवई कोरलेली, एक तशीच. सुनयनाला वाटलं, आता ही बोंब मारणार.

"पाहून काय राह्यली? सोड त्याले," मथुरावैनी म्हणाली. "आन चाला, मी आरतीचं ताट घेऊन येते."

वेशीवर एक पांढरा आणि एक काळा, अशी भागाबाईची जोडी आली तशी सगळ्या माना वळल्या. खुशालला राहवलं नाही. "ओ! तो बैल माहा हाय!"

"तुमचा?" सुनयना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मंग त्याच्या पापन्या पांढऱ्या काऊन? आन तुमचे हात काळे काऊन?"

खुशालनं हात पाठीमागं नेले. पोळ्याला बाप्ये झडत्या म्हणतात, एकमेकांना टोचणारी कवनं. बाईनं झडती म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. सुनयनानं कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवला:

"टकल्या डोक्यानं मेंदी घेतली,
बैलाच्या पाठीवर नेऊन ओतली!
पांढरा बैल काळा केला,
काळा चोर पांढरा पडला!"

हसू आधी पोरांत फुटलं, मग म्हाताऱ्यांत. खुशाल घाबरून वामनरावांकडं वळला. "तुमीच म्हनले ना, पोळा होईस्तोर बैल नदीपल्याड ठेव म्हनून! नदीले पूर आला, त्याले मी काय करू? मले रंगवा लागला!"

आता वामनरावांकडं सगळे पाहू लागले. ते भजनात जितके मोठ्यानं गायचे त्याहून मोठ्यानं ओरडले, "तोरन उतरवा! बाई जाईन तं पोळा होनार नाई!"

त्यांच्या दोन माणसांनी खरंच आंब्याच्या पानांचं तोरण ओढून काढलं. दोन बांबू उघडे उभे राहिले. चार-पाच जण आपल्या जोड्या घेऊन निमूट घरी वळले. बाकीचे थांबले.

भागाबाईनं बांबूंकडं पाहिलं. "पानं न्या तुमी," ती म्हणाली. "रस्ता गावाचा हाय."

आणि तिनं दोर खेचला. डफडं वाजवणारा धोंडीबा क्षणभर वामनरावांकडं, क्षणभर तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं डफड्यावर टिपरी हाणली. बांबूंच्या पलीकडं मथुरावैनीनं दोन्ही बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. काळ्या कपाळावर ते काही दिसेना, म्हणून तिनं दुसऱ्यांदा लावलं, जरा जास्तच.

सुनयना मागून चालत होती. आपण रडतोय की काय, असं तिला वाटलं. तिनं गॉगल लावला.

हिरोचा रंग दिवाळीपर्यंत टिकला. बेला गावच्या बाजारात कोणी "असा कसा बैल?" म्हणून विचारलं, की भागाबाई गाडी थांबवून सगळी हकीकत सांगायची, नावांसकट.