रविवारची धार

रात्रपाळी संपली की माणसाने घरी जावं, हातपाय धुवावेत आणि आडवं व्हावं. एवढं साधं सुख, पण तेही ज्याच्या नशिबात नसतं तो भल्या सकाळी स्केटिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरला रेलून उभा असतो. ओळंबा तसा उभा होता. डोळ्याला डोळा लागला नव्हता, तोंडाला कारखान्याच्या चहाची चव होती आणि कानात अजून मशीन घरघरत होतं.

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी सोडतो तो वजन बांधलेला दोरा, हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कारखान्यात त्याला सगळे त्याच नावाने हाक मारत आणि आता घरीही मारायला लागले होते. ग्राइंडिंगच्या मशीनवर उभा जन्म गेलेला. लोखंडाचा तुकडा केसभर जरी वाकडा असला तरी याला चैन पडायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेला तर आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा आणि मग बसायचा. बायको म्हणायची, "जगात सरळ नसलेलं तुम्हांला एवढं खुपतं, मग माझ्याशी लग्न कसं केलंत?"

त्याच्या शेजारी त्याची लेक उभी होती. वय पंधरा, उंचीने आईच्या पुढे गेलेली, आणि जुन्या बुटांची पिशवी पोटाशी अशी धरलेली, जणू कोणी हिसकावूनच घेणार आहे. दुकानाला लागूनच बर्फाचा रिंक होता. मधल्या काचेतून लहान मुलं एकमेकांवर आपटताना दिसत होती. महिन्याभरात लेकीची स्केटिंगची परीक्षा होती. तिच्या उड्या चांगल्या होत्या, हवेत दोन फेऱ्या घेऊन ती नीट उतरायची. पण गिरकी म्हटली की घोडं पेंड खायचं. एका पायावर उभं राहून जागच्या जागी फिरायचं, तर दोन-तीन फेऱ्यांत पाय सरकायचा आणि बाईसाहेब बर्फावर. कोच बाईंनी हात टेकले होते. या खेपेलाही गिरकी आली नाही, तर त्या तिला खालच्या गटात पाठवणार होत्या, त्या काचेपलीकडल्या चिल्ल्यापिल्ल्यांत.

त्याच बाईंनी सुचवलं होतं, पाती बदला, आता वरच्या पायरीची घ्या. बुटांच्या तळाला जी पोलादी पाती असतात, ती. ओळंब्याला सल्ला पटला, पण लेक कधी नव्हे ती अडून बसली. जुनी चांगली आहेत, नकोत नवी, कशाला उगाच. ओळंब्याच्या जिवाला याचाच घोर लागला होता. पोरीचं मन उडालं की काय? ज्याला खेळ सोडायचा असतो तोच नव्या सामानाला नको म्हणतो. विचारायची हिंमत होत नव्हती, कारण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर पुढे काय बोलायचं?

दुकानदार वयस्क होता, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने काचेच्या काउंटरवर पात्यांचे दोन जोड मांडले.

"हे बघ बाळ," तो लेकीला म्हणाला, "दोन्ही मधल्या गटातल्या मुलींसाठीच आहेत. या जोडाचे पुढच्या टोकाचे दात लहान आहेत. चुकलीस तरी सांभाळून घेईल. आणि या दुसऱ्याचे दात मोठे. उडीला बर्फ घट्ट पकडतात, पण सवय होईपर्यंत चारदा तोंडावर पाडतील. आता मला सांग, तुझं काय काय बसलंय?"

लेक काउंटरकडे बघत बोलली. "दोन फेऱ्यांच्या उड्या येतात. सगळ्या नाही, तीन येतात."

"वा! आणि गिरकी?"

"नाही येत."

"मुळीच?"

"मन लावत नाही," ओळंबा मध्येच म्हणाला. झोपेने त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "वर्षभर सांगतोय, लक्ष दुसरीकडे असतं हिचं. उडीत मजा वाटते, गिरकीचा कंटाळा."

लेकीने पिशवी आणखी घट्ट आवळली. दुकानदाराने मात्र चष्मा खाली ओढला. "दोन फेऱ्यांच्या तीन उड्या मारणाऱ्या मुलीला गिरकी येत नाही, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. जुने बूट आणलेस ना? दाखव बघू."

"त्यांची काय गरज आहे काका? नवीनच घ्यायचंय ना?"

"अगं, दाखव तर."

पिशवी हातातून सुटेना. शेवटी ओळंब्यानेच ती घेतली आणि बूट काउंटरवर ठेवले. ठेवताना त्याला जरा अभिमानच वाटला. या पात्यांना धार लावायला त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता. रविवारी दुपारी जेवणं झाली की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं गोणपाट अंथरायचा, स्वतः बनवलेल्या शिकंज्यात बूट अडकवायचा आणि गोल दगडाने पात्याच्या तळाची खाच घासायचा. लेक समोर बसून टाच धरायची. बूट हलू नये म्हणून धरणं गरजेचं असे, आणि हात अडकले की माणसाचं तोंड सुटतं. मग वर्गात काय झालं, कोणाचं कोणाशी वाजलं, कोच बाई कोणावर डाफरल्या, असं सगळं बाहेर पडायचं. तो "हं" म्हणायचा, मध्ये एखादा प्रश्न विचारायचा आणि घासत राहायचा.

दुकानदाराने आधी नवं पातं काचेवर टेकवलं आणि एका टोकाला बोटाने दाबलं. पातं पाळण्यासारखं डुललं. मग त्याने लेकीचा बूट सरळ उभा धरून काचेवर ठेवला आणि तसंच दाबलं. पातं ढिम्म हललं नाही. पुढच्या दातांपासून टाचेपर्यंत काचेला चिकटून बसलं होतं. त्याने दुसरा बूट ठेवला. तोही तसाच.

"अरेरे," दुकानदार हळू म्हणाला. "याचा बाकच गेलाय. पात्याला लांबीत थोडं पोट असतं, बाळ. गिरकी घेताना तू त्या पोटावर, दातांच्या जरा मागे, बोटाएवढ्या जागेवर उभी असतेस. इथे तर पुरी लांबी बर्फाला लागतेय. यावर फिरायचं म्हणजे फळीवर उभं राहून फिरायचं. कुठे लावता धार?"

"एक दुकान होतं," लेक चटकन म्हणाली. "आमच्या घराजवळ. बंद पडलं ते."

ओळंब्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

घराजवळ असलं कुठलंच दुकान कधी नव्हतं. ओळंब्याची झोप खाडकन उडाली. त्याला आठवलं, अगदी पहिल्या रविवारी त्याने पात्याला स्टीलची पट्टी लावून पाहिली होती आणि दोन्ही टोकांशी उजेड दिसला होता. मधे टेकतंय, टोकांना फट. म्हणजे टोकं झिजलीत, असं त्याने धरलं होतं. वाकडं ते चुकलेलं, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. मग तो दर रविवारी मधला भाग थोडा थोडा खाली आणत गेला, पट्टीखालून उजेड यायचा बंद होईपर्यंत. ज्या दिवशी उजेड बंद झाला त्या दिवशी त्याने पोरीची पाठ थोपटली होती आणि म्हटलं होतं, आता बघ, कशी पळशील!

"मी," ओळंबा म्हणाला.

"काय?"

"मीच लावतो धार. दुकानबिकान काही नाही. मी सरळ केली ती."

दुकानदाराने बूट डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "धार मात्र फार सुरेख आहे हो. दोन्ही कडा अगदी सारख्या. हाताने असं काम होत नाही कोणाकडून." तेवढ्यात दाराशी दुसरं गिऱ्हाईक आलं आणि दुकानदार तिकडे गेला.

काउंटरपाशी बाप-लेक दोघंच राहिले. ओळंब्याचे पाय भरून आले होते. तो स्टुलावर बसला. वर्षभर या पोरीला त्याने काय काय ऐकवलं होतं! मन लावत नाहीस. तुझ्यापेक्षा लहान मुली फिरतात. आई-बाप राबतात त्याचं तुला काही नाही. ती मुकाट ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फावर आपटायला जायची. तिच्या कमरेवरचे हिरवेनिळे डाग बायकोने त्याला दाखवले होते. त्यावरही तो म्हणाला होता, लक्ष दिलं असतं तर पडली नसती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिने बुटाची नाडी हातात घेतली.

"सांग ना. कधीपासून?"

"मागच्या वर्षी मैत्रिणीचे बूट घातले होते थोडा वेळ. आमचं माप एकच आहे." ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बोलत होती. "फिरले की मी, बाबा. मस्त फिरले. मला थांबताच येईना."

"मागच्या वर्षी? आणि तोंडातून ब्र काढला नाहीस? अगं, मी तुला एवढं बोललो. कोच बाई बोलल्या. तू खालच्या गटात जायला निघालीस! मला सांगायचं, बाबा, तुझं चुकतंय म्हणून. मी काय तुला खाल्लं असतं?"

"खाल्लं नसतंस. धार लावायचं सोडलं असतंस."

"मग सोडलं असतं! दुकानात दिली असती!"

"तेच ना."

ओळंब्याला कळेना. तिने नाडी सोडली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "बाबा, तू घरी येतोस आणि झोपतोस. उठतोस तेव्हा मी शाळेत असते. मी सरावाहून येते तेव्हा तू निघालेला असतोस. रविवारी तेवढा तू जागा असायचास, धार लावायची म्हणून."

म्हणजे मन उडालं नव्हतंच. पोरगी वर्षभर पडली, बोलणी खाल्ली, आता लहान पोरांत जाऊन उभी राहायलाही तयार झाली, आणि हे सगळं कशासाठी, तर त्या गोणपाटाशेजारच्या तासाभरासाठी. आणि त्याला वाटत होतं, आपण पात्याला धार लावतोय.

दुकानदार परत आला. "मग, काय ठरलं? पहिली धार मी लावून देतो. पुढच्याही इथेच लावा, हात जोडतो तुम्हांला."

"इथेच लावू," ओळंबा म्हणाला. लेकीची मान खाली गेली. जोड कोणता घ्यायचा, यावर त्याचं मत घरून निघतानाच ठरलेलं होतं, पण ते त्याने गिळलं. "जोड तू निवड."

तिने दोन्ही जोड हातात घेऊन पाहिले. लहान दातांचा खाली ठेवला. "हा मोठा. पडले तर पडले. पडायची सवय आहे मला."

दुकानदार हसला आणि बूट व नवी पाती घेऊन आत गेला. आधी थोडेच स्क्रू बसवतो, म्हणाला, दोन-चार दिवस वापरून बघा, मग पक्के करू. आतून स्क्रूड्रायव्हरचा आवाज यायला लागला. ओळंब्याने तळव्यांनी डोळे चोळले. पापण्यांखाली वाळू असल्यासारखं वाटत होतं.

"रविवारी दुपारी काय करतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही. का?"

"मग बसू आपण. जेवण झालं की."

"कशाला? धार तर इथे लावणार."

"नुसतंच बसू. गप्पा मारू."

लेकीने बापाकडे नीट पाहिलं. लाल डोळे, वाढलेली दाढी, स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकलेलं डोकं.

"नुसतं बसलास की तू झोपतोस, बाबा," ती म्हणाली.