खर्जातला आवाज

वरलक्ष्मीच्या उजव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं, आणि डावा कान तर लहानपणीच गेलेला. भजनातले टाळ तिला अजून ऐकू येत. नवरा मात्र समोर बसून बोलला तरी ओठच तेवढे हलताना दिसत. रघुपतींचा आवाज मुळात खर्जातला, त्यात स्वभाव अबोल. तमिळनाडूतल्या कुंभकोणात तिच्याशी रोज मराठी बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्यांचा मुलगा शशांक तिरुचीच्या कॉलेजात कंपनांवर संशोधन करी. आईचं स्कॅन घेऊन त्याने संगणकात तिचा कान उभा केला, पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांसकट. डॉक्टर जननी भोकावर कानाच्याच कूर्चेचं ठिगळ लावणार होत्या. जाड ठिगळ टिकतं, पातळ फाटू शकतं. म्हणून आधी संगणकात लावून बघायचं ठरलं.

भजनी घरातलं पोर ते. आवाज म्हणून त्याने टाळच घातले, आणि जाड ठिगळ झोकात पास झालं. वरलक्ष्मी बघत राहिली. संगणकात तिच्या स्वतःच्या कानाचा पडदा निळा-हिरवा होत फुगत होता, ओसरत होता. दुपारच्या सुस्तीत तिला वाटलं, आपण त्याच्या काठावर पाय सोडून बसलोय, आतून कुणी हाक मारतंय, पण शब्द लागत नाहीत.

"टाळ पुरे," ती म्हणाली. "तुझ्या अप्पांचा स्वर घाल. मज तो पाहिजे."

रघुपती लाजत लाजत फोनात दोन वाक्यं बोलले. जाड ठिगळाखाली पडदा जेमतेम हलला. पातळ लावलं तसा डोलायला लागला. शशांक ओशाळला. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

डॉक्टर पातळ ठिगळाला तयार झाल्या, पण एका अटीवर: कानात पाणी जाता कामा नये, नदीत बुडी कायमची बंद. दिवाळीच्या सुमाराला येणाऱ्या ऐप्पसी या तमिळ महिन्यातलं कावेरीस्नान वरलक्ष्मीने लग्नापासून चुकवलं नव्हतं. तरी तिने पातळच मागितलं, आणि ऑपरेशन झालं.

ऐप्पसी आली तोवर कानाची जखम भरून आली होती. बायका कावेरीत बुड्या मारत होत्या, ही कोरडी वरच्या पायरीवर. डोळे भरून येत होते, म्हणून पलीकडच्या काठाकडे बघत बसली. रघुपती ओलेत्याने वर आले आणि तिच्या पाठीमागे थांबले. घराबाहेर ते जन्मभर तमिळच बोलत आले होते.

"तुझ्या वाट्याचीही बुडी मारून आलो," ते मराठीत हळूच म्हणाले.

ओठ बघायला ती वळली नाही.

"आणखी बोला," ती म्हणाली.