विहिरीत उतरलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या तळाशी एक बुडबुडा कायमचा अडकला आहे आणि काठाचा टवका उडाला आहे. भुईगावात प्लासिड आणि मार्था यांच्या घरी अकरा वर्षे मी कैरीचे लोणचे सांभाळले. पाहुणे वाखाणणी करत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

१९८३ साली नाताळच्या आधी मार्थाच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला. चहा घशाखाली उतरेना. वाडीतल्या केळींची पाने करपू लागली. आता पिणार काय आणि शिंपणार काय?

कुंपणापलीकडे बळीरामने नुकतेच नवे ऑइल इंजिन घेतले होते. "तोच ओततो मेला," मार्था म्हणाली. प्लासिडला निराळाच संशय होता. त्याच्या स्वतःच्या पंपाचे डिझेल पिंपातून कमी होत होते. "चोरतोही तोच," तो म्हणाला. ज्या माणसाने डिझेल चोरायचे त्यानेच ते आमच्या विहिरीत का ओतावे, हे कुणी विचारले नाही. खरे सांगते, मलाही बळीरामची नुसती खोकल्याची उबळ ऐकली तरी त्यात काहीतरी कावा वाटे.

प्लासिडची बहीण हिल्डा शाळेत शिकवत असे. ती म्हणाली, "आधी पाणी तपासू, मग भांडू." तिने मला मागितले. मार्थाने घाईघाईने मला विसळले. गळ्याला सुंभ आणि बुडाला दगड बांधून मला आधी कुठे सोडले असेल? बळीरामच्या विहिरीत!

मी वर आले, तर पाण्यावर तेलाचा तवंग चमकत होता.

"बघा! सापडला की नाही चोर?" मार्था ओरडली. "आत्ताच सरपंचांकडे जाते."

बळीरामने मला नाकाशी नेले आणि तो हसूच लागला. "मार्थाबाय, डिझेलात मेथी कवापासून घालतात गो? हा तवंग तुमच्या लोनच्याचा हाय!"

काच असून मी शरमले. माझ्या काठाच्या खाचेत राहिलेल्या तेलाने निरपराध माणसाविरुद्ध साक्ष दिली होती.

हिल्डाने मला राखेने घासले, सोड्याच्या पाण्याने धुतले, उन्हात वाळवले. मग पुन्हा मला बळीरामच्या विहिरीत सोडले. पाणी स्वच्छ निघाले. मार्थाच्या विहिरीत सोडले, तर वर डिझेलची पातळ साय! आता हिल्डाने विहिरीभोवती चारी दिशांना खड्डे खणायला लावले. आमची जमीन वाळूची, पाणी थोड्याच खोलीवर लागते. कुंपणाकडच्या खड्ड्यांत काहीच नव्हते. प्लासिडच्या पंपघराकडे मात्र खड्ड्यागणिक वास वाढत गेला.

"दादा, इथे खाली काय आहे?" हिल्डाने विचारले.

प्लासिडने मान खाली घातली. "पिंप पुरलंय. उन्हानं डिझेल उडून जातं म्हणून."

खाऱ्या वाळूने पिंपाचे बूड खाऊन टाकले होते. डिझेल चोरणाराही घरातच होता आणि ओतणाराही.

पिंप काढले. तेलकट वाळू उपसून, विहिरींपासून लांब पत्र्यांवर पसरली आणि महिनोन्‌महिने खालीवर केली. विहिरीवरचा तवंग पेंढ्याने टिपला. दर शनिवारी मी आत उतरत असे आणि हिल्डा वहीत लिहीत असे : 'वास आहे.' चौदा महिन्यांनी तिने लिहिले, 'नाही.' तरी तिचा विश्वास बसेना. पुढचा सगळा पावसाळा तिने मला उतरवले.

पण पिंप सापडले त्याच दिवशी प्यायला पाणी कुठून आणायचे? मार्था हंडा घेऊन कुंपणाशी उभी राहिली. बळीरामच्या बायकोने, हंसाने, तिला पाहिले.

"कवाची उभी हायस, बाय? पानी काय कुंपनावरून उडी मारून येनार?"

मार्थाने काटे बाजूला सारले आणि ती आत गेली.

मित्रांनो, जमिनीत पुरलेले तेल पुरल्या जागी थांबत नाही. ते वाळूवाटे विहिरीत जाते आणि मग वर्षभर निघत नाही. म्हणून आपली पिंपे जपा, वरचेवर तपासा. आणि पाण्याला वास आलाच, तर पहिली बरणी आपल्याच विहिरीत सोडा.