राखेच्या बुधवारचं मांस

मी सुरा. बारा इंच पातं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. फार बोलणाऱ्यातला नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तेवढी सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या बफलो शहरात, पोलाद कारखान्यात झाला. थेओफिल नावाच्या कामगाराने भट्टीजवळ पडलेल्या तुकड्यातून मला घडवलं आणि मेहुण्याला लग्नात आहेर म्हणून दिलं. कारखाना पुढे बंद पडला, थेओफिलही गेला. मी आहे.

तो मेहुणा म्हणजे बोलेक. त्याचं खाणावळवजा दारूचं दुकान होतं. तिथे एकच पदार्थ नावाजलेला: पावात बीफ. पाव साधा नव्हे. त्याच्या माथ्यावर जाडं मीठ आणि शहाजिरे. आत भाजलेलं मांस, कागदासारखं पातळ कापलेलं. पावाचा वरचा अर्धा भाग मांसाच्या रसात क्षणभर बुडवायचा. सोबत किसलेलं एक पांढरं मूळ, खाल्लं की नाकातून धूर निघतो.

एक्केचाळीस वर्षं बोलेकने मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. धार तोच लावायचा, पुसायचा तोच. बायको वारली तेव्हा दुकान तीन दिवस बंद होतं. चौथ्या दिवशी तो आला, मला उचललं, आणि संध्याकाळपर्यंत कापत राहिला. त्या दिवसाइतकं पातळ मांस मी पुन्हा कापलं नाही.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. ते मला सगळ्यांत आधी कळलं. एकाच सकाळी तो मला तीनदा धार लावू लागला.

एकदा त्याने पावांना आदल्या संध्याकाळीच मीठ लावून ठेवलं. आमच्याकडे नवशिका पोरगाही ही चूक करत नाही. मीठ पाणी ओढतं, म्हणून ते पाव वाढतानाच लावायचं. सकाळी सत्तर पाव भिजल्या चिंध्यांसारखे लोळत होते. त्याची मुलगी वांडा गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, "बाबा, आणखी एक चूक झाली की सुरा माझ्याकडे आणि तुम्ही घरी."

बोलेकने मान खाली घातली. मी त्याच्या मुठीत होतो. त्याने मूठ सोडली नाही.

मग राखेचा बुधवार आला. त्या दिवशी आमची ख्रिस्ती माणसं देवळात जाऊन कपाळाला राख लावून घेतात आणि मांसाला शिवत नाहीत. दुकानात फक्त मासे. वांडाने आदल्या दिवशी बापाला दोनदा बजावलं होतं. सकाळी ती देवळात गेली, तिला तिथे गायचं होतं.

बोलेक सातला आला. भट्टी पेटवली. मांसाचा अख्खा तुकडा आत सारला.

मी काय करणार? सुऱ्याला अडवता येत नाही.

बाराला देवळातून माणसं आली. सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस. बोलेक हसला. "काय रे एमिल, कपाळ काळं करून आलास? चूल फुंकत होतास का?"

एमिल आमचा जुना पोस्टमन. त्याने कपाळाकडे नेलेला हात मागे घेतला. बोलेकने चार पाव भरले आणि पुढे सरकवले. कुणी हात लावेना. सगळ्यांना वांडाचं बोलणं आठवत होतं.

पुढे यादविगाबाई बसली होती. देवधर्माला कडक. उपासाच्या दिवशी सॉसेज खाताना दिसला म्हणून सख्ख्या भावाशी वर्षभर न बोललेली. तिने बशीकडे पाहिलं. पाव उचलला आणि मोठा घास घेतला.

"मीठ कमी आहे, बोलेक."

"मीठ बरोबर आहे. तुझी जीभ म्हातारी झालीय."

"बाई, अहो आज..." एमिल पुटपुटला.

"एमिल, गप बस आणि खा. पाप माझ्या नावावर."

एमिलने खाल्लं. मग बाकीच्यांनी.

तेवढ्यात मागच्या दाराने वांडा आली. मांस पाहिलं, बापाला पाहिलं. यादविगाबाईने तिला डोळ्यांनीच दटावलं. तिने एप्रन बांधला आणि बापाशेजारी उभी राहिली.

"तोंड धुऊन यायचं नाही का गं?" म्हणत बोलेकने तिचं कपाळ अंगठ्याने पुसलं. अंगठा काळा झाला. तो अंगठ्याकडे बघत राहिला. मग एकेकाच्या कपाळाकडे.

"आज वार कोणता?"

एमिल बशीकडे बघू लागला.

"मंगळवार," यादविगाबाई म्हणाली.

"यादविगा," बोलेक हळूच म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही."

त्याने मला मांसातून बाहेर काढलं. पुसलं, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग पातं स्वतःकडे ठेवून मूठ वांडापुढे केली.

"बाबा, राहू दे. मी चिडून बोलले होते."

"धर. दाबायचं नाही, ओढायचं."

तिने मला घेतलं. माझ्यावर दोन थेंब पडले. ते कुणाचे, ते मी सांगणार नाही.

आता मी वांडाच्या हातात आहे. पातं झिजून बोटाएवढं अरुंद झालंय. ती मांस थोडं जाड कापते, पण धार रोज लावते. तुमच्या घरात कुणी असं विसरत चाललं असेल, तर त्याच्या हातातलं काम हिसकावू नका. थोडं थांबा. भला माणूस ते आपणहून देतो.

बोलेक रोज दुपारी येतो, पलीकडच्या स्टुलावर बसतो. परवा वांडाकडे बराच वेळ पाहत होता.

"बाई, तुम्ही इथे नव्या का?" त्याने विचारलं. "हात चांगला आहे तुमचा. कुणी शिकवलं?"

"माझ्या बाबांनी," वांडा म्हणाली आणि त्याची बशी पुढे केली.