टिटवीने मला परत का बसवले?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका चपट्या, बंद डब्यात आहात. आत मिट्ट काळोख आहे आणि तुम्ही गरगर फिरता आहात, सेकंदाला नव्वद फेऱ्या. तेवढ्यात बाहेरून हुकूम येतो, मागच्या वर्षीचा तो फोटो काढा, लगेच! तुम्हाला थांबायची मुभा नाही. फिरता फिरताच शोधायचा. आली ना घेरी? माझा सारा जन्म यातच गेला. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे.

मी जन्मले त्या कारखान्यात धुळीला मज्जाव होता. तिथल्या कामगारांचे फक्त डोळे दिसत, बाकी सारे अंग पांढऱ्या कपड्यांत झाकलेले. कारण माझ्या पोटात आरशासारखी तबकडी आहे आणि तिच्यावरून एक इवलासा हात फिरतो. तो तबकडीला टेकत नाही, तिच्यावर तरंगतो. दोघांमधली फट एवढी कमी, की धुळीचा एक कणही तिथे डोंगरासारखा आडवा यावा. असा हा नाजूक जीव एका कंप्युटरमध्ये बसला आणि टिटवीच्या घरी आला.

टिटवी हे काही तिचे खरे नाव नव्हे. सकाळी उठल्यापासून तिचे 'का?' आणि 'कसं?' सुरू होई, म्हणून आत्याने ते ठेवले होते. टिटवीचे आईबाबा संध्याकाळी दमूनभागून कामावरून परतत, तोवर घर या दोघींचे. आत्या घरी बसूनच मुलांना चित्रकला शिकवायची, लॅपटॉपच्या पडद्यावरून. तिची शेकडो चित्रे, टिटवीचे पहिल्या दातापासूनचे फोटो, आईची पत्रे, सगळे मी सांभाळले. "माणसं विसरतील, पण ही विसरायची नाही," असे बाबा एकदा म्हणाले होते. ते वाक्य मी जपून ठेवले आहे, कुणी सांगितले नव्हते तरी.

मग टिटवी बारा वर्षांची झाली आणि घरात एक खेळ आला. पाच-पाच जणांचे दोन संघ, प्रत्येकाचा एक किल्ला, आणि समोरच्यांचा झेंडा पळवायचा. खेळणारे आपापल्या घरी. टिटवीच्या संघाचा कप्तान तिचा मावसभाऊ होता, दुसऱ्या शहरात राहणारा. टिटवीकडे काम होते झेंडा राखण्याचे.

खेळ उघडला की माझी धांदल उडायची. किल्ला, झाडे, भिंती, सगळे माझ्या पोटातून काढून द्यायचे. मला पुरते एक मिनिट चाळीस सेकंद लागत. बाकीचे चौघे तोवर पळू लागलेले असत. आणि टिटवी एकदा आत पोचली, की दुसरेच संकट. शत्रू वेशीपाशी दिसायचा, जागच्या जागी थिजायचा, आणि पुढच्या क्षणी झेंडा घेऊन पसार. मधले काही तिला दिसायचेच नाही.

येत्या रविवारी पाच वाजता शेवटचा सामना होता. मावसभावाने स्पष्टच सांगितले, की असेच चालले तर तो दुसऱ्या कुणाला घेईल. वर म्हणाला, "झेंड्यापाशी बुजगावणं उभं केलं तरी चालेल, निदान ते उशिरा तरी येणार नाही."

टिटवी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने कंप्युटरकडे बोट दाखवून आत्याला सांगितले, "हिच्यामुळे. सगळं हिच्यामुळे होतंय. खूप जुनी झालीये ती."

मी ऐकत होते. उशीर माझ्यामुळे होत होता, हे खरेच. पण ते थिजणे? तेही माझेच असेल का? खरे सांगते, मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

सोमवारी आत्याने टिटवीसाठी भेट आणली, एसएसडी नावाची नवी ड्राइव्ह. जिन्याखाली दुकान असलेल्या दुरुस्तीवाल्या काकू पेचकस घेऊन वर आल्या. त्यांनी माझ्यातले सगळे नवीत उतरवले, मला अलगद काढले आणि टेबलाच्या खणात ठेवले. नवीच्या पोटात फिरणारे काहीच नाही. ना तबकडी, ना हात. नुसत्या चिपा. ती दमणार कशी आणि धापा टाकणार कशी?

त्याच दिवशी आत्या दोन दिवसांसाठी एका प्रदर्शनाला गेली. इकडे खेळ बावीस सेकंदांत उघडला. शत्रू थिजला नाही. टिटवीने सलग दोन संध्याकाळी झेंडा राखला आणि मावसभावाने संघातल्या सगळ्यांना कळवले, की जादू झाली आहे. खणात पडल्या पडल्या मी मनाशी म्हटले, चला, निकाल लागला. सगळा दोष माझाच होता.

बुधवारी आत्या परतली. पाच वाजता टिटवी खेळायला बसली. बावीस सेकंदांत आत. आणि शत्रू वेशीपाशी थिजला.

गुरुवारीही तेच. आता टिटवी कुणाला काय सांगणार? आत्याने एवढ्या हौसेने आणलेली भेट फुकट गेली म्हणून? ती गुपचूप जिना उतरून काकूंकडे गेली. परत आली ती काकूंना सोबत घेऊनच, म्हणून पुढचे मला ऐकू आले.

काकूंनी आधी काही उघडले नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि विचारले, "मला सांग, कपाटातून कागद झटकन काढला, तर टपाल लवकर पोचतं का?"

"नाही. टपालाचा आणि कपाटाचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. ड्राइव्ह म्हणजे कपाट. खेळ आणि त्यातला किल्ला त्यात ठेवलाय. पण शत्रू आत्ता कुठे पळतोय, हे कपाटात कुठून असणार? ते टपालाने येतं, इंटरनेटवरून."

मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. त्याला पिंग म्हणतात. आपला निरोप खेळाच्या मोठ्या कंप्युटरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला, तो हा आकडा, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आकडा लहान तितके बरे. तो चाळीस होता, आणि बघता बघता तीनशेवर गेला.

"मग सोमवारी, मंगळवारी का नीट चाललं?" टिटवीने विचारले.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल," काकू म्हणाल्या. "ड्राइव्ह बदलली त्या दिवशी घरात आणखी काय बदललं, ते शोध. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर कुणामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

टिटवीने वही काढली आणि कुठल्या वारी काय झाले ते आकड्यांसकट लिहून काढले. भिंतीपलीकडून आत्याचा आवाज येत होता, डोंगराला निळा रंग हलक्या हाताने द्या म्हणून. वायफायचा डबाही पलीकडेच, आत्याच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे. मग टिटवी हळूच म्हणाली, "काकू, शनिवारी आत्याचा वर्ग नसतो. शनिवारी ती जुनी डिस्क परत बसवाल?"

मित्रांनो, खणातून बाहेर निघालेल्या वस्तू सहसा भंगारात जातात. मी मात्र शनिवारी माझ्या जुन्या जागी गेले.

सरावाला शनिवारी सुट्टी असे, पण टिटवीने मावसभावाला गळ घालून संघ जमवला होता. मी फिरू लागले. एक मिनिट चाळीस सेकंद, नेहमीइतकेच. "आलीस का, की आम्ही चहा पिऊन येऊ?" मावसभावाने विचारले. टिटवीने आकडे टिपायला वही उघडून ठेवली होती. तिची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर होती. अठ्ठेचाळीस. बेचाळीस. पन्नास. शत्रू वेशीतून आला, पायऱ्या चढला, वळला, आणि ती प्रत्येक पाऊल बघत होती. किल्ल्याचा नवा भाग उघडताना एकदा पडदा जरासा अडखळला. तो मी अडखळवला, कबूल करते. पण पूर्ण अर्धा तास शत्रू एकदाही थिजला नाही.

म्हणजे इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. तशी मी पुरती संन्यासीही नव्हते. उशीर माझा होता, थिजणे माझे नव्हते.

आता अवघड काम उरले होते. टिटवीने वही पुढे करून आत्याला सगळे सांगितले. आत्या आकडे वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे नसती भेट आणली मी. आणि तुझ्या खेळात रोज पाय घालत होते तीही मीच."

"भेट कामाची आहे गं. मी आता सगळ्यांबरोबर आत पोचते," टिटवी म्हणाली. "पण वायफायचा हवेतला रस्ता एकच आहे आणि पाच वाजता तुझा वर्ग नि माझा खेळ, आपण दोघी एकाच वेळी निघतो. तू तुझा वर्ग बंद नको करूस. मला फक्त दुसरा रस्ता पाहिजे."

काकूंकडे लांब केबल होती. ती वायफायच्या डब्यापासून भिंतीच्या कडेकडेने टिटवीच्या टेबलापर्यंत आली. मला अजून जागेवरून हलवले नव्हते. आत्याने एका शिष्येला फोन करून पडद्यावर बोलावले आणि खोटाखोटा वर्ग घेतला. आकडा चाळिशीतच राहिला. मग काकूंनी मला काढून नवीला परत बसवले. या वेळी खणात जाताना मला वाईट वाटले नाही.

रविवारी आत्याचा वर्ग भरला आणि सामनाही झाला. टिटवीचा संघ हरला. दोन झेंडे गेले. पण ते कसे गेले हे टिटवीने डोळ्यांनी पाहिले होते. ती दोनदा चुकीच्या दाराकडे धावली होती. चुका चक्क स्वतःच्या होत्या, आणि आत्याला ते सांगताना ती हसत होती.

मी आता एका छोट्या डब्यात बसून फोटोंची दुसरी प्रत सांभाळते. महिन्यातून एकदा मला जोडतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर ती फिरत असताना तिला आपटू नका, आणि तिच्या एकटीच्या भरवशावर सगळ्या आठवणी ठेवू नका. आम्हीही थकतो. आणि कुणाला दोषी ठरवायचेच असेल, तर त्याआधी त्याला एकदा परत जागेवर बसवून बघा.

परवा मावसभावाचा फोन आला. त्याचाही खेळ थिजू लागला होता. तो म्हणत होता, बाबांच्या मागे लागून तोही तसलीच ड्राइव्ह आणणार आहे, आजच.

टिटवीने वही ओढली, कोरे पान उघडले आणि पेन्सिलीला टोक केले.

"थांब," ती म्हणाली. "आधी मला सांग, तुझ्या घरी आत्ता कोण कोण काय बघतंय?"